शहाण्णव उपाशी वाट्या

मारियानाओ, हवाना
९ मार्च २०१४

नेरेयदा डॉक्टरबाई,

तुम्ही अजून याच पत्त्यावर राहता की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या शेजारची सेनाइदा विकायचे कपडे आणायला मेक्सिकोत मेरिदाला जाते. ती उतरते त्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात तुम्हाला ओळखतात, असं ती म्हणाली. म्हणून तिच्याच हाती हे पत्र देतो आहे. विमानतळावर बॅगा उघडतात, त्यात ते गहाळ होऊ नये म्हणून माझ्या बायकोने, एदेल्मिराने, ते सेनाइदाच्या चपलांच्या खोक्यात ठेवलं. खोकंच हरवलं तर, असं मी विचारलं.

"मग चपलाही हरवतील, म्हाताऱ्या," एदेल्मिरा म्हणाली, "आणि त्यांचं मला जास्त वाईट वाटेल."

विसरला असाल तर सांगतो. मी फेर्मीन सोतोलोंगो. औषधं करणाऱ्या केंद्रातल्या तुमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणारा, कामाग्वेकडचा. ज्याला तुम्ही रविवारी पेशींना खायला घालायला शिकवलंत तो. एकवीस वर्षं झाली.

पत्राचं कारण माझा डावा पाय. मला साखर आहे. तळव्याला जखम झाली, ती खोल गेली, आणि जानेवारीत सर्जनने घोट्याच्या वर बोट ठेवून सांगितलं, "इथून." मी घरी येऊन बूट पलंगाखाली सरकवले. मग गल्लीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी म्हटलं की आधी इंजेक्शनं देऊन बघू. जखमेतच टोचतात, आठवड्याला तीन, अशी चोवीस. परवा तिसरं झालं.

ओदालिस नर्सने पहिल्या दिवशी कुपी उजेडात धरली तेव्हा मी तिच्यावरचं नाव वाचलं. मी सहावीपर्यंतच शिकलो, तेही मोठेपणी, पण ते नाव मी झोपेतही वाचेन. तोच आपला वाढीचा घटक, डॉक्टरबाई. तेव्हा आपण तो भाजलेल्यांच्या मलमासाठी करायचो.

मी विचारलं, "पोरी, हे पेशींवर तपासलंय का?"

"काय?"

"पेशींवर. जिवंत."

"आजोबा, पाय हलवू नका."

रांगेत माझ्या शेजारी एक निवृत्त बसचालक बसतो, त्याचाही पायच. त्याने ऐकलं होतं. त्याला मी समजावलं. बाटलीत औषध किती आहे ते यंत्र सांगतं, पण त्यात दम आहे की नाही ते यंत्राला कळत नाही. दोन कोंबडे तराजूवर सारखेच भरतात. झुंजतो कोणता, ते रिंगणात सोडल्याशिवाय कळत नाही. आपलं रिंगण म्हणजे पेशी. पेशी एका प्लेटमधल्या चिमुकल्या वाट्यांत ठेवायच्या, त्यांना औषध द्यायचं, आणि नंतर रंग घालायचा. पेशी जितक्या वाढल्या तितकी वाटी जांभळी. वाटी फिकी राहिली तर औषध म्हणजे नुसतं पाणी.

"मग तुझा कोंबडा जिंकला का?" त्याने विचारलं.

"ते माझ्या पायाला विचार," मी म्हटलं.

कोंबड्यांचं उदाहरण मीच तुम्हाला दिलं होतं. परदेशी पाहुण्यांना ते सांगताना तुम्ही माझ्याकडे हात करायचात आणि म्हणायचात, "हे आमच्या फेर्मीनचं." पाहुण्यांसमोर माझं नाव घेणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. त्याचे आभार राहून गेले होते. आणखीही आहेत. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात, त्या टंचाईत एदेल्मिराच्या डोळ्यांपुढे अंधार यायला लागला, तेव्हा तुम्ही दर सोमवारी माझ्या सायकलच्या टोपलीत दोन अंडी ठेवायचात, वर्तमानपत्रात गुंडाळून, तुमच्या बाल्कनीतल्या कोंबडीची. त्या अंड्यांनी आणि सरकारी जीवनसत्त्वांनी तिचे डोळे परत आले. आता ती पाच घरांवरून माझ्या शर्टावरचा डाग बघते. तेव्हा आभार. आणि पायाचेही, कारण हे औषध पेशींना विचारल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे त्या केंद्रात पहिल्यांदा बोललात तुम्ही.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहावी की नाही यावर मी चार दिवस घालवले. केंद्राला पंचवीस वर्षं होताहेत. तुमच्या जागी आता दाइलीन नावाची मुलगी आहे. ती जुन्या लोकांच्या घरोघरी एक कागद घेऊन फिरते आहे. दाराशी मोठा फलक लागणार आहे, त्याचा मजकूर. त्यात लिहिलं आहे: "१९९३ साली पेशींवरील चाचणीचा पहिला प्रयत्न सदोष ठरला." तुमचं नावसुद्धा नाही. फलक १६ मे रोजी लागेल. मजकुरात काही चूक असेल तर कळवा, असं ती म्हणाली.

चूक आहे. कशी कळवावी याचा विचार करतो आहे.

तुमचा,
फेर्मीन


६ एप्रिल २०१४

डॉक्टरबाई,

सेनाइदा परत आली. पत्र दुकानातल्या बाईकडे दिलं म्हणाली, आणि तिने ते काउंटरवर ठेवलं. सुलटं ठेवलं की पालथं, ते सेनाइदाला आठवत नाही. पालथं असेल तर तुमचं नाव कुणाला दिसणार? मी तिला तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "फेर्मीन, पुढच्या वेळी तूच ये खोक्यात बसून."

पंधरा इंजेक्शनं झाली. जखमेच्या तळाशी लाल दाणे धरलेत, पिकल्या पेरूच्या गरासारखे. ओदालिसने दोन नर्सना बोलावून दाखवलं. माझ्या पायाकडे बायकांनी इतक्या कौतुकाने कधी पाहिलं नव्हतं. दुखतं, पण दुखणं हे चांगलं लक्षण आहे म्हणतात. जानेवारीत दुखतच नव्हतं.

आता ते लिहितो.

मलमाची ती मोठी बॅच तुम्ही जुलैत तीनदा तपासलीत. तिन्ही वेळा वाट्या सगळ्याच्या सगळ्या जांभळ्या झाल्या. औषध घातलेल्याही आणि काहीच न घातलेल्याही. पहिल्या गुरुवारी ती प्लेट बघून मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. "वा, काय पीक आलंय!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि खुर्चीत बसलात. औषधाशिवायच पेशी वाढत असतील तर औषधाने काय केलं ते कळणार कसं? तुम्ही केंद्राच्या साहेबांना सांगितलंत की दोष औषधात नाही, चाचणीच्या वेळी काहीतरी होतं आहे, मला शोधू द्या. साहेब म्हणाले की तीनदा नापास झालेली बाब शोधण्यात आणखी सिरम, म्हणजे पेशींचं ते महागडं खाणं, घालवणार नाही. बॅच फेकली. तुमची चाचणी बंद केली. तुम्हाला कागदांच्या खोलीत बसवलं. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. भाजलेल्यांच्या वॉर्डात तो उन्हाळा मधाच्या पट्ट्यांवर काढला.

ती चूक माझी होती, डॉक्टरबाई.

रविवारी बाटल्यांतल्या पेशींना खायला घालायचं काम माझं होतं. उबेच्या कपाटात त्याच फळीवर चाचणीची प्लेटही असायची. मला वाटलं, घाईत तुम्ही तिला खायला घालायचं विसरलात. त्या दिवसांत कोण काय विसरत नव्हतं? तुम्ही सकाळी बारा किलोमीटर सायकल मारून यायचात. म्हणून मी त्या वाट्यांतही थोडं सिरम घातलं. औषध द्यायच्या आदल्या दिवशी पेशी उपाशी ठेवतात, हे तुम्ही मला सांगितलं असेलही. पोट भरलेल्या माणसाला भुकेचं औषध देऊन काय कळणार, असं काहीतरी. माझ्या डोक्यात राहिलं नसेल. कपाटाच्या दारावर कार्ड होतं म्हणतात. माझ्या नजरेतून सुटलं असेल.

एक गोष्ट मला कधी उमगली नाही. सिरमच्या बाटलीवर तुम्ही पेन्सिलने रेघ ओढून ठेवायचात, किती उरलं ते कळावं म्हणून. त्या सोमवारी तुम्ही बाटली खिडकीशी धरलीत. सिरम रेघेच्या खाली होतं. मी मोरीशी उभा राहून बघत होतो. तुम्ही बोटाला थुंकी लावून ती रेघ पुसलीत, खाली नवी ओढलीत आणि बाटली परत ठेवलीत. एक शब्द बोलला नाहीत. पुढच्या दोन्ही सोमवारी तेच.

हे मी दाइलीनला सांगणार आहे. पण अजून नऊ इंजेक्शनं बाकी आहेत, आणि औषध त्याच केंद्रातून येतं. उद्या त्यांनी म्हटलं की ज्याने आमची बॅच बुडवली त्याला कशाला द्यायचं, तर? तुम्ही म्हणाल असं कुणी करत नाही. पण पाय माझा आहे. चोवीस होऊ देत.

फेर्मीन


२७ एप्रिल २०१४

डॉक्टरबाई,

चोवीस झाली. जखम आता मसुराच्या दाण्याएवढी आहे. सर्जनने पाय हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाला, "हा पाय तुमच्याबरोबर म्हातारा होणार." मी म्हटलं, तो कधीचाच झालाय. निघताना ओदालिसच्या हातावर पेरूची वडी ठेवली. ती नको नको म्हणाली आणि खिशात टाकली.

काल केंद्रात गेलो, सांगायलाच. दोन बस बदलून. दाइलीनने चांगली वागणूक दिली, कॉफी दिली. तिने विचारलं, "आजोबा, मजकुरात काही चूक सापडली?"

मी म्हणालो, "फलकाचा रंग छान आहे."

"रंग अजून ठरलेला नाही, आजोबा."

"जो ठरवाल तो छानच असेल," म्हणालो आणि उठलो.

बसमध्ये मी स्वतःला समजावलं की जखम अजून मसुराएवढी आहे, पुन्हा उघडली तर पुन्हा औषध लागेल, तेव्हा पूर्ण भरू दे. घरी आलो तर एदेल्मिरा दारात. तिला पत्रांतलं काही माहीत नव्हतं. लिहिताना मी कागद हाताने झाकतो, म्हणून तिला वाटत होतं की मी तुम्हाला प्रेमपत्रं लिहितो. तसं तिने सेनाइदाला सांगूनही टाकलं होतं. शेवटी बोललो. माझ्या गोष्टीतल्या दुसऱ्या रविवारपर्यंत ती ऐकत होती.

तिसऱ्याला म्हणाली, "थांब. तू कुणाला खायला घातलंस?"

"पेशींना."

"उंदराच्या?"

"उंदराच्या."

"आणि मी पपनसाच्या साली तळून त्याला कटलेट म्हणत होते." मग ती राजम्यातले खडे वेचत राहिली. तिचे डोळे परत आले तेव्हापासून ती खडे दोनदा वेचते. "त्या बाईंच्या कोंबडीची अंडी मी खाल्ली, फेर्मीन. पाय वाचवलास ना? आता तोंड उघड."

मी म्हटलं, "जखम भरू दे."

"तोवर फलक लागेल."

"वीस दिवस आहेत."

"एकवीस वर्षं होती," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात जातो. तुमचं उत्तर नाही. राग असेल तर तो रास्त आहे. पत्र मिळालंच नसेल तर तीही माझीच चूक. दुकानातल्या बाईसाठी पाकिटावर चार ओळी वेगळ्या लिहायला हव्या होत्या.

फेर्मीन


११ मे २०१४

डॉक्टरबाई,

गुरुवारी सांगितलं.

दाइलीनने मला बघितलं आणि म्हणाली, "बसा आजोबा. आज कशाचा रंग आवडला?" मी उभाच राहिलो. बसलो असतो तर कॉफी आली असती, आणि कॉफी आली की मी बोलत नाही. एका दमात सगळं सांगितलं. ती हसली नाही. रागावलीही नाही. तिने एवढंच विचारलं, "काहीच न घातलेल्या वाट्यासुद्धा जांभळ्या होत्या?"

"सगळ्या. एकसारख्या."

"आणि रविवारीच?"

"माझी पाळी रविवारीच असायची."

ती आत गेली आणि तुमची वही घेऊन आली. हिरव्या पुठ्ठ्याची. तुमचं अक्षर बघून मला आधार वाटला. तिने तीन पानं उलटली: ४, ११ आणि १८ जुलै. तिन्ही रविवार. मग चौथं पान उलटलं आणि माझ्यासमोर धरलं. ते मला माहीत नव्हतं, डॉक्टरबाई. तुम्ही चौथ्यांदा चाचणी केली होतीत, उरलेल्या पेशींवर, साहेबांनी नाही म्हटल्यावरही. उपास मंगळवारी, रंग शनिवारी. मंगळवारी मी पेशींच्या आसपासही नसायचो. त्या पानावर सगळं जसं हवं तसं होतं: औषध भरपूर तिथे गडद, कमी तिथे फिकं, नाही तिथे जवळपास पांढरं. खाली तुम्ही लिहिलं होतं, "बॅच उत्तम आहे." त्याच्याखाली साहेबांच्या अक्षरात, "तीन विरुद्ध एक. बंद करा."

दाइलीन म्हणाली, "हे पान मी शंभर वेळा वाचलंय. मला वाटायचं की एकदा नशिबाने जमलं. आजोबा, ते एकदाचं नशीब नव्हतं. तुम्ही तीनदा होतात."

मी विचारलं, "पुन्हा लागली तर मला इंजेक्शनं देणार नाहीत का?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच म्हणतो."

"घरी जाऊन पाय वर करून बसा," ती म्हणाली. दोन महिने मी ज्याला भीत होतो ते एवढंच होतं.

तिला सांगितलं ते पूर्ण सांगितलं. तुम्हाला अजून नाही. दुसऱ्या पत्रात मी लिहिलं की कार्ड नजरेतून सुटलं असेल. ते खरं नाही. कार्ड मी वाचलं होतं, तिन्ही रविवारी. "उपास," तुमच्या अक्षरात, खाली दोन रेघा. उपास कशासाठी तेही तुम्ही मला नीट समजावलं होतंत, आणि माझ्या ते चांगलं लक्षात होतं. तुम्ही काही विसरला नव्हता.

त्या सकाळी एदेल्मिराने माझा शर्ट चाचपून शोधून दिला. रंग दिसत नव्हते तिला, फक्त कडा दिसायच्या. घरात एक रताळं होतं. ती म्हणाली, तू खा, तुला सायकल मारायची आहे. मी म्हटलं, तू खा, तुझे डोळे. असं करता करता ते कुणीच खाल्लं नाही, आणि ताटलीत तसंच ठेवून मी निघालो. केंद्रात आलो. बाटल्यांतल्या पेशींना खायला घातलं. सिरमची बाटली हातातच होती. शेजारी ती प्लेट, शहाण्णव वाट्या, आणि दारावर ते कार्ड. मी स्वतःशी म्हटलं, आम्ही उपाशी आहोत कारण काही नाहीच. इथे तर आहे. ह्यांनी का राहायचं?

घरी माझ्या हाताने कुणाच्या पुढ्यात काही वाढता येत नव्हतं. इथे येत होतं. एकेका वाटीत एकेक थेंब घातला. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. त्या सबंध उन्हाळ्यात मला त्या अर्ध्या तासाइतकं बरं कधी वाटलं नाही. म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा केलं, आणि त्याच्या पुढच्याही. गुरुवारच्या जांभळ्या प्लेटचा माझ्या रविवारशी संबंध आहे, हे मला दुसऱ्या वेळीच कळलं होतं. तिसऱ्या रविवारी मी ते जाणून केलं. वाटलं की थोडं कमी घातलं तर चालेल. मग साहेबांनी तुम्हाला आत बोलावलं आणि मी फ्लास्क धूत राहिलो.

आता सगळं सांगून झालं. माफी मागावी असं एदेल्मिरा म्हणते, पण मागितली की तुम्हाला ती द्यावी लागेल, आणि तेवढं ओझं मी तुमच्यावर घालत नाही. आभार मात्र मानतो, ते घ्यायला काही पडत नाही. मला ज्या चाचणीने पाय दिला, ती माझ्या हाताने मारली होती. ती पुन्हा उभी राहिली ती तुमच्या वहीवरून, असं दाइलीनने स्वतः सांगितलं.

फेर्मीन


१५ जून २०१४

नेरेयदा डॉक्टरबाई,

तुमचं पत्र सेनाइदाच्या चपलांच्या खोक्यातच आलं. एदेल्मिराने ते मला चार वेळा वाचायला लावलं, आणि चौथ्या वेळी माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं, चष्म्याशिवाय, मला दाखवायला.

दुकानातली बाई मोतीबिंदूसाठी सुटीवर होती आणि माझी चारही पत्रं तुम्हाला एकदम मिळाली, हे वाचून मला बरं वाटलं. म्हणजे पाकीट पालथं नव्हतं.

तुम्ही लिहिलंत ते मी इथे पुन्हा उतरवतो, कारण मला ते माझ्या अक्षरात बघायचं आहे. "सिरम कमी होतंय हे मला पहिल्याच सोमवारी कळलं, फेर्मीन. मला वाटलं, तू ते एदेल्मिरासाठी घरी नेतोस. वासराचं रक्त, अंगात ताकद यावी म्हणून. तेव्हा लोक काय काय खात होते! साहेबांनी मला समोर बसवून विचारलं, खोलीतून काही कमी झालंय का? मी नाही म्हणाले. हो म्हणाले असते तर तुला तुरुंगात घातलं असतं. माझ्या लेखी ते सिरम खोलीबाहेर गेलं होतं. ते खोलीतच आहे, माझ्याच वाट्यांत आहे, हे मला एकवीस वर्षांत एकदाही सुचलं नाही. चाचणी कुठे बिघडली ते शोधत मी सगळीकडे बघितलं, फक्त तिथे बघितलं नाही, कारण तिथे मी तुला लपवलं होतं."

हे वाचून मी अंगणात जाऊन बसलो. एदेल्मिरा मागोमाग आली.

"म्हणजे ती अंडी," ती म्हणाली.

"हो."

"त्याच सोमवारपासून."

"हो."

तुम्ही रेघ पुसलीत आणि त्याच दिवशी टोपलीत दोन अंडी ठेवलीत, मला चोरी करावी लागू नये म्हणून. आणि मी ती घरी नेली, एदेल्मिराला उकडून दिली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा बाटली उघडली. तुम्ही 'हो' म्हणाला असतात तर दुसऱ्या दिवशी मला पकडलं असतं, चूक सापडली असती, आणि तुमची खोली तुमच्याकडे राहिली असती. एका शब्दाचं काम होतं.

पुढे तुम्ही लिहिलंत की दोन दिवस तुम्हाला माझा फार राग आला, आणि तिसऱ्या दिवशी हसू आलं. "शहाण्णव वाट्या आणि सगळ्या एकसारख्या जांभळ्या! इतका समान हात माझ्या एकाही शिकलेल्या साहाय्यकाचा नव्हता. तुला काचा धुवायला ठेवलं, हीच खरी चूक." हे वाक्य एदेल्मिराने गल्लीत सांगितलं. आता मला सगळे प्रोफेसर म्हणतात. मी त्यांना गप्प करत नाही.

फलक उशिरा लागला, ३० मे रोजी, कारण अक्षरं पुन्हा कापावी लागली. आता तिथे आहे: "पेशींवरील चाचणी या केंद्रात १९९३ साली डॉ. नेरेयदा व्हाल्देस्पीनो यांनी सुरू केली. चाचणी बरोबर होती." मी दाइलीनला म्हटलं, चूक कुणाची तेही लिहा, माझं नाव घाला. ती म्हणाली, "फलकावर जागा नाही, आजोबा. आत चला."

जखम भरली आहे. पलंगाखालून काढलेले बूट घालून गेलो होतो, दोन्ही. तिने मला वरून अंगरखा घालायला लावला, डोक्यावर टोपी, बुटांवर पिशव्या. कपाट आता नवीन आहे, दाराला काच आहे. काचेवर कार्ड: "उपास. मुद्दाम आहे. कुणीही दया करू नये." दाइलीनने तिथल्या मुलींना विचारलं, "हे कार्ड कुणाचं?" त्या म्हणाल्या, "हे आमच्या फेर्मीनचं." त्यांना कुणी शिकवलं असेल ते तुम्ही ओळखा. पाहुण्यांसमोरचं तुमचं ते वाक्य मी फक्त दाइलीनला सांगितलं होतं.

मग तिने दार उघडलं आणि मला प्लेट दाखवली. औषध उद्या घालायचं होतं. सगळ्या वाट्या फिक्या होत्या, शहाण्णव. सिरमची बाटली टेबलावर होती, माझ्यापासून हातभर. तिच्यावर पेन्सिलची रेघ.

मी बराच वेळ बघत उभा राहिलो. हात खिशात ठेवले होते, डॉक्टरबाई. दोन्ही.

तुमचा,
फेर्मीन